बालकांची प्रसंगनिष्ठ मूकता : डहाणू-तलासरीच्या भाषिक परिस्थितीच्या अनुषंगाने

घरी भावंडांशी भांडणारे, गुरांना हाका घालणारे, रात्री आजीकडून गोष्ट ऐकून तीच दुसऱ्या दिवशी सोबत्यांस सांगणारे एखादे मूल शाळेत पाऊल टाकताच मुके होते, आणि ही मूकता एखाददुसऱ्या दिवसात न संपता महिनोन्महिने टिकते, असा अनुभव प्राथमिक शिक्षकांस अपरिचित नाही. अशा मुलाविषयी सामान्यतः तीनपैकी एक निष्कर्ष काढला जातो : ते लाजाळू आहे, ते हट्टी आहे, किंवा ते मंदबुद्धीचे आहे. हे तिन्ही निष्कर्ष बहुधा चुकीचे असतात. बालमानसशास्त्रात या अवस्थेस ‘सिलेक्टिव्ह म्युटिझम’ असे नाव आहे. तिचे स्वरूप व कारणे सांगणे हा प्रस्तुत लेखाचा एक हेतू होय. दुसरा हेतू अधिक स्थानिक आहे. पालघर जिल्ह्यातील डहाणू व तलासरी या तालुक्यांत पहिलीच्या वर्गात न बोलणारे मूल दिसले, तर त्याची मूकता कोणत्या जातीची आहे, हे कसे ठरवावयाचे? या प्रश्नाचे उत्तर केवळ वैद्यकाकडे नाही. त्यातील मोठा भाग भाषाशास्त्राकडे येतो.

१. संज्ञेचा विचार

या अवस्थेच्या नावांचा इतिहास पाहिला असता तिच्याविषयीची समजूत कशी बदलत गेली हे दिसून येते. कुसमाउल या जर्मन वैद्याने १८७७ मध्ये या अवस्थेचे वर्णन केले तेव्हा त्याने तिला ‘स्वेच्छेचा वाचालोप’ अशा अर्थाचे लॅटिन नाव दिले. १९३४ मध्ये ट्रामर या स्विस बालमनोवैद्याने ‘इलेक्टिव्ह’, म्हणजे आपण होऊन पत्करलेली मूकता, अशी संज्ञा रूढ केली. दोन्ही नावांत मूल मुद्दाम बोलत नाही हे गृहीत धरलेले आहे. अमेरिकन मनोवैद्यक संघटनेच्या निदान-पुस्तिकेने १९९४ मध्ये ‘इलेक्टिव्ह’ काढून ‘सिलेक्टिव्ह’ हे विशेषण घातले. मूल बोलणे नाकारते असे न म्हणता, विशिष्ट प्रसंगी त्याला बोलता येत नाही, असे म्हणावयाचे हा त्यामागील हेतू होता. २०१३ च्या आवृत्तीत ही अवस्था चिंताविकारांच्या वर्गात समाविष्ट झाली. जागतिक आरोग्य संघटनेच्या रोगवर्गीकरणाच्या २०२२ पासून अंमलात आलेल्या अकराव्या आवृत्तीतही तिचे स्थान चिंता व भय यांच्या विकारांतच आहे.

मराठीत यासाठी कोणता शब्द योजावा? ‘मौन’ हा शब्द सोयीचा वाटतो. परंतु मौन पाळावयाचे असते, त्याला व्रताचा वास आहे. ‘अबोला’ धरावयाचा असतो, त्याच्या मुळाशी राग असतो. पाळणे व धरणे या दोन्ही क्रियांना कर्ता लागतो, आणि हे शब्द वापरताच मूल आपोआप त्या मूकतेचे कर्ते ठरते. याउलट ‘वाचा बसणे’, ‘दातखीळ बसणे’, ‘तोंडातून शब्द न फुटणे’ या आपल्या जुन्या वाक्प्रचारांत माणूस कर्ता नसतो. घडणारी गोष्ट त्याच्या वाचेला, दातांना किंवा शब्दाला घडते. या अवस्थेचे यथार्थ वर्णन याच वाक्प्रचारांत आहे. म्हणून या लेखात ‘प्रसंगनिष्ठ मूकता’ अशी संज्ञा योजिली आहे : प्रसंगाशी बांधलेली, मुलाच्या इच्छेशी नव्हे.

२. स्वरूप व कारणे

प्रसंगनिष्ठ मूकतेचे मुख्य लक्षण असे की, जेथे बोलण्याची अपेक्षा असते अशा काही ठरावीक ठिकाणी, बहुधा शाळेत, मूल सातत्याने बोलू शकत नाही. इतरत्र, बहुधा घरी, ते बोलते. ही स्थिती निदान एक महिना टिकली पाहिजे, आणि तो शाळेचा पहिलाच महिना असता कामा नये. तिच्यामुळे मुलाच्या शिक्षणात वा व्यवहारात अडथळा आलेला असावा. शिवाय, त्या ठिकाणच्या भाषेचे अज्ञान हे न बोलण्याचे कारण नसावे. ही शेवटची अट डहाणूच्या दृष्टीने अतिशय महत्त्वाची आहे. तिच्याकडे पुढे वळू.

या अवस्थेचा आरंभ बहुधा पाचव्या वर्षाच्या आत होतो. परंतु ती लक्षात येते ती शाळेत गेल्यावर. मुलींत तिचे प्रमाण किंचित अधिक आढळते. निरनिराळ्या पाहण्यांत तिचे प्रमाण शंभरात एक किंवा त्याहूनही बरेच कमी असे आलेले आहे. म्हणजे ती विरळ आहे, पण मोठ्या शाळेत एखादे तरी मूल असे असणे असंभाव्य नाही.

तिचे एकच एक कारण सांगता येत नाही. पहिले कारण प्रकृतीचे. काही मुले जन्मतःच नव्या माणसापुढे, नव्या जागी थिजणारी असतात. अशा मुलांच्या आईवडिलांत किंवा जवळच्या नातलगांतही चारचौघांत वावरण्याची भीती पुष्कळदा आढळते. तेव्हा आनुवंशिकतेचा वाटा मान्य करावा लागतो. दुसरे कारण वाणीचे. उच्चारात वा वाक्यरचनेत सूक्ष्म अडचण असलेल्या मुलास आपले बोलणे हसण्यावारी जाईल अशी धास्ती असते. तिसरे कारण परिस्थितीचे : घर बदलणे, गाव बदलणे, भाषा बदलणे.

मूकतेचा आरंभ यांपैकी कशानेही होवो, ती टिकते मात्र एका निराळ्याच यंत्रणेने. शिक्षक प्रश्न विचारतात. मुलाला भय दाटते. शब्द फुटत नाही. शेजारचे मूल किंवा थोरली बहीण त्याच्याऐवजी उत्तर देते. प्रश्न टळतो आणि भय ओसरते. न बोलण्याने सुटका झाली, हा धडा मुलाचे शरीर दर वेळी गिरवीत जाते. काही आठवड्यांनी सारा वर्ग ‘तो बोलत नाही’ असे पाहुण्यांस सांगू लागतो, आणि मग बोलणे अधिकच कठीण होते. कारण आता बोलला तर सर्वांच्या माना त्याच्याकडे वळणार. दयेपोटी उत्तर देणारी बहीण आणि रागाने उत्तर मागणारे गुरुजी ही दोघे नकळत एकाच चक्राला गती देत असतात.

३. आघात आणि मूकता

मूल मुके झाले म्हणजे त्याला काहीतरी जबर धक्का बसला असला पाहिजे, अशी लोकसमजूत आहे. प्रसंगनिष्ठ मूकतेच्या बहुसंख्य मुलांच्या बाबतीत ती खरी नाही. मात्र आघाताने वाचा जाणे हा एक स्वतंत्र प्रकार आहे, आणि त्याचे एक सुप्रसिद्ध उदाहरण याच प्रदेशातले आहे. वारली चित्रकलेस जगापुढे नेणारे जिव्या सोमा म्हसे यांचा जन्म तलासरी तालुक्यातला. पुढे त्यांचे सारे आयुष्य डहाणू तालुक्यातील गंजाड परिसरात गेले. त्यांच्याविषयी लिहिणाऱ्यांनी अशी हकिकत नमूद केली आहे की, सुमारे सातव्या वर्षी आई वारल्यावर त्यांचे बोलणे थांबले आणि पुढे कित्येक दिवस ते मातीत चित्रे काढून आपले मनोगत व्यक्त करीत. त्यांना २०११ मध्ये पद्मश्री मिळाली. १५ मे २०१८ रोजी त्यांचे निधन झाले.

या हकिकतीतून दोन गोष्टी घेण्यासारख्या आहेत. एक निदानाची. आघातजन्य मूकता एका घटनेनंतर अचानक येते आणि बहुधा सर्व ठिकाणी पसरते. प्रसंगनिष्ठ मूकता हळूहळू ध्यानात येते आणि ठिकाणांत भेद करते. घरीदारी बोलणारे मूल एकाएकी सर्वत्रच गप्प झाले, तर त्याला कोणता धक्का बसला आहे, कोणी त्याला इजा केली आहे काय, याची चौकशी तत्काळ झाली पाहिजे. दुसरी गोष्ट साधनाची. वाचा गेलेल्या त्या मुलापाशी माती होती आणि त्या मातीतली चित्रे वाचणारी माणसे भोवती होती. शाळेत मात्र ज्ञानाचे प्रमाण म्हणून तोंडी उत्तराखेरीज दुसरे काही स्वीकारले जात नसेल, तर तेथे मुके मूल केवळ मुके राहत नाही. ते अज्ञानीही ठरते.

४. वारली बालक आणि शाळेची भाषा

आता भाषेच्या अटीकडे वळू. डहाणू तालुक्याच्या लोकसंख्येत सुमारे दोन-तृतीयांश आणि तलासरीत सुमारे नऊ-दशांश लोक अनुसूचित जमातींचे आहेत. त्यांत वारली समाज सर्वांत मोठा. वारली भाषेचे स्थान ठरविताना अभ्यासकांचे एकमत झालेले नाही. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ च्या सातव्या खंडात ती मराठीच्या बोलींत घातली आहे; जनगणनेच्या कोष्टकांत ती भिली गटाखाली येते. वर्गीकरण काहीही असो, पाच-सहा वर्षांच्या मुलाला वर्गातील पुस्तकी मराठी ऐकताक्षणी कळत नाही, एवढे आपल्या विवेचनास पुरेसे आहे.

नवी भाषा कानावर पडू लागली म्हणजे पुष्कळ मुले आरंभी काही काळ गप्प राहतात. द्वितीय भाषेच्या अभ्यासात हा ‘मौनकाळ’ म्हणून ओळखला जातो. या काळात मूल रिकामे नसते. ते ऐकते, ओठांतल्या ओठांत पुटपुटते, हातवाऱ्यांनी सांगते, मग एखाददुसरा ठरावीक शब्द उच्चारते, आणि पुढे वाक्ये जुळवू लागते. हा काळ काही आठवड्यांचा असतो, कित्येकदा काही महिन्यांचा. तो विकार नव्हे. शिकण्याची ती एक पायरी आहे.

येथे डहाणूची विशेष अडचण उद्भवते. मुंबईच्या मराठी शाळेत तेलुगूभाषक घरातले मूल आले, तर त्याला मराठी येत नाही हे शिक्षक प्रथमदर्शनीच जाणतात आणि त्याला सवड देतात. वारली मुलाला ती सवड मिळत नाही. त्याची भाषा मराठीला इतकी जवळची भासते की, शिक्षकाला ती दुसरी भाषा न वाटता ‘अशुद्ध मराठी’ वाटते. भाषा येतेच, मग बोलत का नाही, असा प्रश्न लगेच उभा राहतो. एवढेच नव्हे, तर मूल धीर करून आपल्या भाषेत बोललेच, तर पहिल्याच वाक्याला दुरुस्ती होते आणि वर्गात हशा पिकतो. दूरची भाषा बोलणाऱ्या मुलाला परके मानले जाते. जवळची भाषा बोलणाऱ्याला चुकलेले मानले जाते. या दोहोंपैकी दुसऱ्या वागणुकीने तोंड अधिक लवकर मिटते. तलासरीच्या सीमेलगत गुजराती व हिंदी यांची भर पडते. दिवाळीनंतर आईबापांबरोबर वीटभट्टीवर जाणाऱ्या मुलाचा मौनकाळ तर दर वर्षी नव्याने सुरू होतो.

५. विचारण्याची रीत

भाषेखेरीज आणखी एक गोष्ट आहे : बोलण्याचा प्रसंग कोणी, कसा निर्माण केला. अमेरिकन भाषाशास्त्रज्ञ विल्यम लाबोव यांनी १९६९ च्या आपल्या प्रसिद्ध निबंधात न्यूयॉर्कच्या हार्लेम भागातील एका आठ वर्षांच्या कृष्णवर्णीय मुलाचे उदाहरण दिले आहे. मुलाखत घेणारा त्याच्याच समाजातला असूनही पहिल्या भेटीत मुलगा एकेका शब्दाची उत्तरे देत राहिला. पुढच्या भेटीत त्याच गृहस्थाने बटाट्याचे वेफर्स आणले, मुलाच्या जिवलग मित्राला बोलावले आणि स्वतः जमिनीवर बैठक मारली. तोच मुलगा मग इतका बोलू लागला की दोघे मित्र एकमेकांना बोलू देईनात. सुझन फिलिप्स यांनी ओरेगॉन राज्यातील वॉर्म स्प्रिंग्ज येथील आदिवासी मुलांच्या वर्गांचा अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ १९८३ मध्ये निघाला. एकट्याला उभे करून सर्वांदेखत विचारले असता ती मुले गप्प राहत. मुलांनीच चालविलेल्या लहान गटांत ती भरपूर बोलत. त्यांच्या समाजात एकाने सर्वांसमोर उभे राहून दुसऱ्याच्या हुकमावरून बोलावे, असा प्रसंगच सहसा नव्हता.

वारली समाज अबोल आहे असे म्हणणाऱ्याने लग्नातील धवलेरीची गाणी किंवा तारप्याच्या नाचातली गाणी ऐकावीत. तो अबोल झाला तो परक्यासमोर. आणि त्याला इतिहास आहे. सावकार व जमीनदार यांच्या वेठीखाली पिढ्या घालविलेल्या माणसांना परक्याच्या प्रश्नाला कमीत कमी उत्तर देण्यातच शहाणपण दिसले, तर नवल नाही. २३ मे १९४५ रोजी तलासरीजवळील झरी येथे किसान सभेच्या मेळाव्यात वेठ न करण्याचा निर्धार झाला, तेव्हा याच माणसांना मोठा आवाज होता हे दिसून आले.

त्याच १९४५ साली ताराबाई मोडक यांनी बोर्डी येथे ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि १९५७ मध्ये काम कोसबादच्या टेकडीवर गेले. गुरे राखणारी मुले शाळेत येऊ शकत नव्हती, म्हणून शाळाच कुरणात नेण्यात आली. या कुरणशाळेचे वर्णन बहुधा उपस्थितीच्या दृष्टीने केले जाते. परंतु भाषाशास्त्राच्या दृष्टीनेही ती मोठी गोष्ट होती. कुरणात झाड, पान, गुरू-वासरू यांविषयी अधिक जाणणारे मूल असते व विचारणारा शिक्षक शिकाऊ असतो. ज्याला सांगण्यासारखे काही आहे त्याला बोलते करणे सोपे जाते.

६. भेद कसा ओळखावा

तर वर्गातील एका मूकतेमागे निदान तीन निराळ्या गोष्टी असू शकतात : नव्या भाषेचा मौनकाळ, विचारण्याच्या रीतीमुळे आलेला संकोच, आणि प्रसंगनिष्ठ मूकता हा चिंताविकार. बाहेरून तिन्ही सारख्याच दिसतात. त्यांना वेगळे करणारी कसोटी मुलाच्या घरच्या भाषेत आहे, आणि ती कसोटी लावण्यास कोणतेही उपकरण लागत नाही. हे मूल शाळेच्या आवारात, पाण्याच्या नळावर, मधल्या सुट्टीत आपल्या सोबत्यांशी वारलीत बोलते काय, एवढे पाहावे.

बोलत असेल आणि केवळ मराठीच्या तासाला गप्प असेल, तर तो मौनकाळ समजावा व मुलास अवधी द्यावा. मराठी समजते आहे, गटात कुजबुजते आहे, पण उभे केले की गप्प होते, असे असेल तर विचारण्याची रीत बदलावी. परंतु शाळेच्या आवारात वारलीतही शब्द फुटत नाही, वारली बोलणाऱ्या बाईंशीही बोलत नाही, खेळताना अंग ताठ होते, लघवीला जाण्याचेही सांगता येत नाही, आणि तेच मूल घरी मोकळेपणी बोलते असे आईबाप सांगतात, तर ती भाषेची अडचण नव्हे. द्विभाषिक मुलांविषयी लिहिणाऱ्या तज्ज्ञांनीही हीच खूण सांगितली आहे : खरी प्रसंगनिष्ठ मूकता दोन्ही भाषांत दिसते, भाषाज्ञानाच्या मानाने ती फार अधिक असते आणि फार टिकते. घरीही बोलणे अपुरे असेल, तर प्रथम कान तपासून घ्यावेत व एकंदर विकासाची तपासणी करावी.

येथे दोन्ही बाजूंच्या चुका सारख्याच महाग पडतात. मौनकाळाला विकार म्हटले, तर एका संपूर्ण समाजाच्या मुलांवर रोगाचा शिक्का बसतो. उलट, ‘आदिवासी मुले बुजरीच असतात’ असे म्हणून सर्वांनाच सोडून दिले, तर जे एक मूल खरोखर भयाने जखडले आहे तेही त्या वाक्याखाली झाकले जाते. भाषा बदलणाऱ्या मुलांत हा विकार कमी नव्हे, अधिक आढळतो. टोरोंटो येथे १९७५ मध्ये स्थलांतरितांच्या कुटुंबांत तो अधिक असल्याचे नोंदविले गेले. जेरुसलेम येथील २००३ च्या पाहणीत बालवाडीच्या वयाच्या सर्व मुलांत तो शेकडा ०.७६ तर स्थलांतरितांच्या मुलांत शेकडा २.२ आढळला. वारली मूल स्थलांतरित नाही. ते आपल्याच भूमीवर आहे. पण शाळेचा उंबरठा ओलांडताना त्याची भाषा मागे राहते, हे साम्य दृष्टिआड करून चालणार नाही.

आश्रमशाळेत ही कसोटी आणखी अवघड होते. मूल निवासी असल्याने ते घरी कसे बोलते हे शाळेस दिसत नाही, आणि शाळेत ते बोलत नाही हे घरास कळत नाही. दोन अर्धी चित्रे एकत्र येत नाहीत. अशा मुलाला ताप भरला, विंचू चावला, कोणी त्रास दिला, तरी ते सांगू शकत नाही. म्हणून प्रवेशाच्या वेळी आईबापांस ‘मूल घरी बोलते काय, कोणाशी, किती?’ असा प्रश्न विचारून उत्तर नोंदवून ठेवणे, आणि दिवाळीच्या सुट्टीपूर्वी ते ताडून पाहणे, एवढे केले तरी पुष्कळ साधेल.

७. उपाय

प्रसंगनिष्ठ मूकतेवर उपाय आहेत, आणि ते जितक्या लहान वयात योजावेत तितके सुकर होतात. बोलण्याची सक्ती, आमिष, शिक्षा व चारचौघांत केलेला उपहास यांनी भय वाढते. प्रथम भय कमी करावे. मुलाला थेट प्रश्न न विचारता त्याच्याजवळ बसून जे चालले आहे त्याचे नुसते वर्णन करावे. मान हलविणे, बोट दाखविणे, चित्र काढणे ही उत्तरे पूर्ण मानावीत. पुढची पायरी अशी : रिकाम्या वर्गात मूल ज्याच्याशी बोलते अशा आईशी किंवा भावंडाशी त्याला खेळू द्यावे, शिक्षकाने प्रथम दाराबाहेर, मग दारात, मग खोलीत, मग खेळात, असे कित्येक दिवसांत हळूहळू जवळ यावे, आणि मूल बोलत राहिले म्हणजे आईने त्याच गतीने दूर व्हावे. कुजबूज ऐकू आली तर तिचा गाजावाजा करू नये. मुलाच्या वतीने इतरांनी उत्तर देणे हळूहळू थांबवावे. हे सारे वारलीत होणे इष्ट; भयावर मात करण्याचे व नवी भाषा शिकण्याचे अशी दोन ओझी एकाच वेळी मुलाच्या शिरावर देऊ नयेत.

काही आठवड्यांत फरक पडला नाही, तर बालमनोवैद्य वा वाचातज्ज्ञ यांचा सल्ला घ्यावा. क्वचित औषधाचीही गरज लागते. ज्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्यांत व शाळांत मुलांची तपासणी करतात, त्याचा आरंभ फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथूनच झाला. त्या तपासणीत श्रवणदोष व भाषाविकासातील विलंब यांचा समावेश आहे. पथक आले असता न बोलणाऱ्या मुलाकडे त्याचे लक्ष वेधणे, आणि ते घरच्या भाषेत कोठे, कोणाशी बोलते याची नोंद त्याच्या हाती देणे, हे काम शिक्षकच करू शकतो. तपासणीच्या पाच-दहा मिनिटांत ही माहिती वैद्याला अन्य मार्गाने मिळणे शक्य नाही.

सारांश, न बोलणाऱ्या मुलाविषयी ‘ते का बोलत नाही?’ हा प्रश्न आरंभी विचारून उपयोग होत नाही, कारण त्याचे उत्तर मुलालाही ठाऊक नसते. ते कोणत्या भाषेत, कोणत्या जागी, कोणाशी बोलते, हे आधी पाहावे. ज्या शिक्षकाला वारली थोडीबहुत येते त्याला हे आठवड्याभरात कळते. ज्याला मुळीच येत नाही त्याच्या कानी आवारातला गलबला पडतो. पण त्या गलबल्यात एक आवाज कमी आहे, हे त्याच्या ध्यानात येत नाही. या दोन तालुक्यांत नेमणूक होणाऱ्या शिक्षकास मुलांच्या भाषेचा परिचय करून द्यावा, ही मागणी आजवर अध्यापनाच्या सोयीसाठी केली गेली आहे. बालकांच्या आरोग्यासाठीही ती तितकीच आवश्यक आहे, असे वरील विवेचनावरून म्हणावयास हरकत नसावी.